दुचाकीचा नकाशा

पळस्पे हे नाव महाराष्ट्रात पुष्कळांनी ऐकलेलं असतं, पण गाव म्हणून नव्हे. पनवेल मागे पडलं की पळस्पे फाटा येतो. सरळ गेलं की पुणे, उजवीकडे वळलं की गोवा. एसटीचे कंडक्टर, ट्रकवाले, गणपतीला निघालेले चाकरमानी, वाहतूक कोंडीची बातमी देणारे वार्ताहर, सगळ्यांच्या तोंडी पळस्पे असतं ते वळणापुरतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणातला ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा ‘पळस्पे ते इंदापूर’ म्हणून ओळखला जातो. त्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि मग एका पिढीने हे दोन शब्द वर्तमानपत्रांत इतक्या वेळा वाचले, की पळस्पे म्हणजे रखडलेल्या रस्त्याचं पहिलं टोक, एवढीच ओळख उरली. फाट्याच्या आत घरं आहेत, देऊळ आहे, भातशेतीचे उरलेले तुकडे आहेत आणि आमच्यासारखी माणसं आहेत. आम्हाला सकाळी दार उघडलं की दोन महामार्गांचा आवाज एकदमच ऐकू येतो.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला रस्ता दाखवणारं यंत्र कशाला लागतं, हा प्रश्न रास्त आहे. फाट्यावर उभं राहून हात केला तरी कुठलीही गाडी कुठे चालली आहे ते कळतं. पण कामासाठी मला मोटरसायकलवरून रायगडभर फिरावं लागतं, अधूनमधून घाटावर जावं लागतं, आणि गेल्या काही वर्षांत आमच्या भोवतालचे रस्ते इतक्या वेगाने बदलले, की जन्म इथे काढलेल्या माणसालाही उरणकडे जाताना कुठून चढायचं आणि कुठून उतरायचं ते पाहावं लागतं.

फोन पुरत नाही का, असं घरातूनच विचारलं गेलं. कोरड्या दिवसांत, गावात पुरतो. पण जून ते सप्टेंबर कोकणात दुचाकी चालवणाऱ्याला माहीत आहे की स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की बोट कुठलं आणि थेंब कुठला हे फोनला कळेनासं होतं. नकाशा आपोआप सरकतो, भलतंच पान उघडतं. हातमोजा घातला की तो दाद देत नाही, आणि मे महिन्यात हँडलवर उन्हात ठेवला तर तापून बंद पडतो. शिवाय इंजिनाची थरथर आहेच. शक्तिशाली इंजिनांच्या कंपनांनी कॅमेऱ्याची प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा हळूहळू बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. मोटरसायकल बनवणाऱ्यांनीही ही गरज ओळखली. रॉयल एनफील्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० आणली तेव्हा स्पीडोमीटरशेजारी ‘ट्रिपर’ नावाची छोटी गोल चकती दिली. फोनमधल्या नकाशावरून पुढचं वळण आणि त्याचं अंतर, एवढंच ती दाखवते. २०२३ च्या नव्या हिमालयनमध्ये गोल पडद्यावर अख्खा नकाशा आला. माझी गाडी त्याआधीची. म्हणून वेगळं यंत्र घेतलं. त्याला स्वतःचा रिसीव्हर आहे, नकाशा आत साठवलेला आहे, घाटात मोबाइलची रेंज गेली तरी त्याचं काही अडत नाही.

बसवण्याचं काम फाट्याजवळच्या गॅरेजमध्ये केलं. हँडलच्या नळीला यू आकाराचा बोल्ट, त्यावर रबर चढवलेला गोळा, गोळ्याला पकडणारा दोन पात्यांचा हात आणि त्या हाताच्या टोकाला यंत्राची बैठक. गोळा असल्यामुळे यंत्र कुठल्याही कोनात वळतं, आणि तो कोन ठरवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. गाडी स्टँडवर उभी असताना जो कोन बरा वाटतो तो बसल्यावर बरा नसतो, आणि दुपारच्या उन्हात चकाकणारी काच संध्याकाळी स्वच्छ दिसते. नजर रस्त्यावरून जितकी कमी खाली न्यावी लागेल तितकं चांगलं, पण म्हणून यंत्राने स्पीडोमीटर झाकायचा नाही, आणि किल्ली फिरवताना बोटांनाही आड यायचं नाही.

वायरिंगचं काम पाहण्यासारखं होतं. मेकॅनिकने सीट काढली, टाकी मोकळी करून उचलली, बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज घातला आणि जोडणी अशी केली की किल्ली बंद केली की यंत्राची वीजही बंद. रात्रभर यंत्र चालू राहिलं तर सकाळी बॅटरी बसते, हे त्याने अनुभवाने सांगितलं. वायर त्याने मूळ गाडीच्या वायरींच्या जुडग्यासोबतच नेली, इंजिनाच्या डोक्यापासून लांब, जागोजाग पट्ट्या आवळत. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं फिरवत तो गळ्यापाशी वाकून वायर बघत राहिला.

“दादा, इथे ताण राहिला ना, तर पहिल्याच यू-टर्नला तुटते. थोडी सैल सोडतो, पण लोंबकळणार नाही इतकीच.”

त्याच्या हाताखालचा पोरगा विचारत होता की हे ब्लूटूथने हेल्मेटमध्ये बोलतं का. बोलतं. पण मी आवाज बंदच ठेवला आहे. मागून कंटेनर येतोय की नाही हे कानाने कळणं पळस्प्याच्या माणसाला जास्त गरजेचं आहे.

यंत्र प्रथम चालू केलं ते घराच्या अंगणात, आकाश मोकळं दिसेल अशा जागी. नवं यंत्र पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा आपण पृथ्वीवर कुठे आहोत आणि कुठला उपग्रह कुठे आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. बदली होऊन आलेल्या तलाठ्याने आधी गाव पायाखाली घालावं, मग दप्तर उघडावं, तसं त्याचं चालतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी घालतात. आपली स्वतःची जागा नेमकी सांगणारी माहिती प्रत्येक उपग्रह दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा प्रक्षेपित करतो, आणि सगळ्या ताफ्याची ढोबळ यादी पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. कारण ही माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट या गतीने येते. आजच्या काळात इतकं सावकाश बोलणारं दुसरं काही उरलं असेल असं वाटत नाही.

मी उपग्रहांचं पान उघडून बसलो होतो. काळ्या वर्तुळात राखाडी ठिपके होते. ते एकेक करत हिरवे होऊ लागले. पहिला उत्तरेकडे, मग दोन डोक्यावर. जागा ठरवायला किमान चार लागतात. तीन उपग्रहांची अंतरं जागेसाठी, चौथा यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. सारा खेळ घड्याळांचा आहे. उपग्रहावरची घड्याळं अणूंच्या कंपनांवर चालतात, आणि वेळेत सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात तीनशे मीटरची चूक होते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार त्या उंचीवर आणि त्या वेगात घड्याळ जमिनीपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. म्हणून उड्डाणाआधीच ते किंचित सावकाश लावून ठेवतात. या गोष्टी मी पूर्वी वाचल्या होत्या. पण अंगणात, पावसाने ओल्या झालेल्या फरशीवर उभ्या मोटरसायकलच्या हँडलवर, त्या ठिपक्यांतून आपलं गाव ठरताना बघणं वेगळं होतं. मला ते अतिशय भारी वाटलं. अजून वाटतं.

मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभरएक मीटर इकडेतिकडे दिसे. समुद्रात जहाजाला ते चालून जात होतं. पळस्पे फाट्यावर शंभर मीटर म्हणजे पुणे की गोवा एवढा फरक आहे. आज आमच्या फाट्याच्या आसपास रस्ते एकमेकांना इतके खेटून जातात, की यंत्राला महामार्ग आणि त्याच्या बाजूचा सर्व्हिस रोड यांतला फरक सांगायला दोन-पाच मीटरची अचूकता लागते, आणि तीही दर वेळी पुरत नाही. माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात अमेरिकेच्या जीपीएसबरोबर युरोपच्या गॅलिलिओचं नाव आहे, आपल्या नाविकचं नाही. सात उपग्रहांची ही भारतीय रचना २०१३ पासून उभी राहिली, एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेला तेव्हा तिला ‘नाविक’ हे नाव मिळालं. पुढे तिच्यातली परदेशी बनावटीची अणुघड्याळं एकामागोमाग बंद पडली. मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ वर पहिल्यांदा भारतात बनलेलं रुबिडियमचं घड्याळ गेलं. माझं पुढचं यंत्र नाविकचा संदेश ऐकणारं असावं, असं मनापासून वाटतं.

काका ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी आयुष्यभर गोव्याच्या रस्त्यावर ट्रक चालवला. अजूनही त्या रस्त्याला ते ‘सतरा नंबर’च म्हणतात. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, सतराचा सहासष्ट झाला आणि चारचा अठ्ठेचाळीस, पण काकांच्या हिशेबात तो कागदावरचा बदल होता. पडद्यावर गावाचं नाव उमटलं तेव्हा ते उठून जवळ आले.

“हे सांगतंय खरं, पण याला सांगितलं कुणी?”

“उपग्रहांनी, काका.”

“उपग्रह वरून बघणार. हा रस्ता पावसात बंद असतो, त्या डिव्हायडरचा कट बुजवला, तिथून बाइक सोडत नाहीत, हे वरून कसं दिसेल?”

खरोखरच दिसत नाही. उपग्रह फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतात. भोवती काय आहे, ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची, कर्नल लॅम्ब्टनने मद्रासमध्ये भारताची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू केली १८०२ मध्ये. साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसांपासून ही परंपरा येते. आपल्या देशात नकाशे बनवण्यावर आणि वापरण्यावर बरेच निर्बंध होते, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणात सैल झाले. त्याआधीच, २००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, ज्यात कुणीही आपल्या गल्लीतला रस्ता स्वतः काढू शकतो. मोटरसायकलवरच्या अनेक यंत्रांत हाच नकाशा भरता येतो. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणीतरी’ असं आहे, आणि एखाद्या ठिकाणी ते कुणीतरी पोचलंच नसेल तर यंत्राला ते ठिकाण माहीत नसतं.

हे कळलं लगेच, दुसऱ्याच पानावर. यंत्राने विचारलं, वाहन कोणतं? मी मोटरसायकल निवडली. घर म्हणून अंगणातला ठिपका साठवला, आणि सवयीने पहिलं ठिकाण दिलं लोणावळा. पडद्यावर निळी रेघ उमटली ती थेट द्रुतगती मार्गावरून.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, २००२ मध्ये पूर्ण झाला, आणि सुरू झाल्यापासून त्यावर दुचाकीला बंदी आहे. पनवेलच्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक आहे. यंत्राला मात्र ठाऊक नव्हतं, आणि त्यामागचं कारण विचार करण्यासारखं आहे. ही यंत्रं ज्या देशांत आखली जातात तिथे मोटरसायकल म्हणजे हौशीचं, दमदार वाहन. जर्मनीच्या ऑटोबानवर ती मोटारींच्या बरोबरीने धावते. तिकडे ‘मोटरसायकल’ निवडलं की यंत्र उलट वळणावळणांचे देखणे रस्ते सुचवतं, पण महामार्ग बंद असेल असं ते गृहीत धरत नाही. आपल्याकडे नोंदणी झालेल्या वाहनांत साधारण तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत, आणि ती हौस नव्हे, ते रोजचं पोट आहे. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये नकाशात दुचाकीसाठी वेगळी सोय केली ती जगात सर्वांत आधी भारतात, यात काही नवल नाही.

यंत्राच्या सेटिंगमध्ये द्रुतगती मार्ग टाळण्याचा पर्याय होता. तो लावला. मग मी नकाशा लहान करून आमचा सगळा परिसर एकदम पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिलो. पळस्प्यापासून निघणारे नवे, रुंद रस्ते माझ्यापुरते मिटले होते. द्रुतगती मार्ग गेला. चिरल्याला उतरणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, २१.८ किलोमीटरचा, देशातला सर्वांत लांब समुद्रपूल. आमच्या अगदी दाराशी आहे, पण त्यावर दुचाकी जात नाही. पलीकडे मुंबईत २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ चा किनारी रस्ता, आणि वर नागपूरपर्यंत गेलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. सगळीकडे तोच फलक, दुचाकीला मनाई. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने ज्या रस्त्यांचा अभिमान बाळगला ते जवळजवळ सगळे माझ्या नकाशावर नव्हते.

आणि उरले कोणते? उरला जुना मुंबई-पुणे रस्ता, कोन, शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाटाच्या पायथ्याशी जाणारा. एकेकाळी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि तिथून याच बाजूने घाटाकडे निघायचा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा. रेल्वे घाट चढली १८६३ मध्ये. खोपोली सोडून जुन्या रस्त्याने चढू लागलं की शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रज इंजिनिअरांना घाटाची वाट सापडत नव्हती, ती या धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याने स्वातंत्र्य मागितलं तेव्हा त्याला गोळी घातली, असं सांगतात. ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. काका ट्रक घेऊन कधी पुण्याला गेले तर टाकायचेच.

यंत्राने मला दाखवलेला नकाशा हा असा होता. मोटारीसाठी २००२ नंतरचा महाराष्ट्र, दुचाकीसाठी त्याच्या आधीचा. एकाच फाट्यावरून दोन वेगवेगळ्या काळांकडे रस्ते जातात आणि कुठल्या काळात जायचं ते चाकांच्या संख्येवर ठरतं, हे मी इतकी वर्षं इथे राहूनही असं एका नजरेत पाहिलेलं नव्हतं.

पण टाळण्याचा पर्याय लावल्यावर नवीनच अडचण उभी राहिली. लोणावळ्याची वाट यंत्राने आता पार दक्षिणेकडून काढली. कर्नाळा, पेण, वडखळ, कोलाड, मग माणगावहून ताम्हिणी घाट चढून पुण्याच्या बाजूला, आणि तिथून मागे फिरून लोणावळा. काकांनी ती रेघ बोटाने गिरवून पाहिली आणि म्हणाले, “खोपोली कुठे गेली?” खोपोली होती जागेवरच. घाटाच्या माथ्याकडे काही अंतर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकच होतात. डोंगराने दुसरी जागाच ठेवलेली नाही. त्या तुकड्यावरून दुचाकीही जाते, जावंच लागतं. यंत्राच्या हिशेबात मात्र तो द्रुतगती मार्ग होता आणि मी तर तो टाळायला सांगितलं होतं. त्याने माझा शब्द पाळला आणि रायगड जिल्ह्याला वळसा घातला.

यावर उपाय आहे. टाळण्याचा पर्याय काढून टाकला आणि वाटेतले थांबे स्वतः दिले. कोन, शेडुंग फाटा, चौक, खोपोली, शिंग्रोबा, मग लोणावळा. प्रत्येक ठिपका जुन्या रस्त्याच्या बरोबर मधोमध बसेल असा नकाशा मोठा करून लावला, कारण जरा सरकला आणि शेजारच्या द्रुतगती मार्गावर पडला तर पुन्हा सगळं बिघडतं. चौकापलीकडे हे दोन्ही रस्ते एकमेकांना ओलांडतात, तिथे विशेष जपावं लागलं. रेघ शेवटी आली तशी यायला हवी होती. ती साठवून ठेवली, नाव दिलं ‘घाट, दुचाकी’.

घाटाची ही वाट चालवून पाहण्याआधी यंत्र ओल्या झाडीत कसं टिकतं ते बघायला गोवा रस्त्याने कर्नाळ्यापर्यंत गेलो. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५ मध्ये ते इथे जन्मले. यंत्राच्या ठिकाणांच्या यादीत शिरढोणच्या आसपासचे पेट्रोल पंप आणि हॉटेलं होती, फडक्यांचं नाव नव्हतं. ते तिथेच उभं राहून घातलं. पुढे अभयारण्यातून रस्ता खिंडीत शिरतो, दोन्ही अंगांनी झाडं वाकलेली, वर कर्नाळ्याचा सुळका ढगात. पाण्याने भरलेली पानं उपग्रहांचा क्षीण संदेश अडवतात. हिरवे ठिपके कमी झाले, बाण क्षणभर रस्त्यावरून उतरून झाडीत गेला आणि खिंड ओलांडताच परत आला. पाऊस जोरात होता, काचेवर पाणी वाहत होतं, आणि हातमोज्यातूनही बटणं दाबली जात होती. एवढ्यासाठी घेतलं होतं, ते त्याने केलं.

घाटाच्या रस्त्याने गेलो तेव्हा मात्र यंत्रापेक्षा रस्ताच जास्त पाहिला. द्रुतगती मार्गावर दुचाकी नको यामागे कारण आहे. ताशी शंभराच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या आणि कंटेनर यांच्यामध्ये दुचाकीवाल्याचा टिकाव लागणार नाही, हे मला मान्य आहे. पण एकदा दुचाकीला जुन्या रस्त्यावर पाठवायचं ठरवलं, की तो जुना रस्ता दुचाकीचा रस्ता म्हणून सांभाळायला हवा. तो तसा सांभाळलेला दिसत नाही. कडेची पांढरी रेघ पुसलेली, खड्डे बुजवलेले पण सपाट नाहीत, रात्री लांबलांब पट्टे अंधारात. पावसाने झोडपलं की रेनकोट चढवायला उभं राहायचं कुठे? माणसं उड्डाणपुलाखाली नाहीतर बंद टपरीच्या छपराखाली दाटीवाटीने उभी राहतात, रहदारीला पाठ करून. त्यात कारखान्याच्या पाळीवर निघालेले असतात, मागे बायको आणि मध्ये लेकरू घेतलेले असतात, पाठीवर डबे पोचवणाऱ्या कंपनीची चौकोनी पेटी घेतलेली पोरंही असतात. राज्यातली सर्वांत मोठी वाहनसंख्या ज्या रस्त्यांवर चालते त्यांच्यासाठी दर दहा किलोमीटरवर एक छप्पर आणि एक दिवा, एवढं मागणं जास्त नाही. टोलच्या रस्त्यावर मोटारीसाठी उपाहारगृहं, स्वच्छतागृहं उभी राहिली. जुन्या रस्त्यावर निदान उभं राहण्यापुरती कोरडी जागा उभी राहावी.

छप्पर बांधणं माझ्या हातात नाही. कुठे आसरा मिळतो ते नोंदवणं आहे. खोपोलीपर्यंतच्या रस्त्यावर पावसात गाडी लावून उभं राहता येईल अशा जागा मी यंत्रात ठिपके लावून भरल्या. पाणी साचतं ते सखल भागही भरले, आणि डिव्हायडरचे बुजवलेले कटसुद्धा. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे ही दुरुस्ती नकाशा बनवणाऱ्यांकडे पाठवली आहे.

मग काका मागे लागले. त्यांना सतरा नंबर भरायचा होता. रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसून सांगतात आणि मी भरतो. खारपाड्याच्या पुलाआधी रस्ता कुठे खचतो, पेणच्या बाहेर बाजूने जाणारा रस्ता कुठे सुटतो, वडखळला अलिबागचा फाटा चुकू नये म्हणून कुठल्या बाजूला राहायचं, नागोठण्याला पुराचं पाणी आलं तर पहिलं कुठे येतं. त्यांच्या काळातली काही झाडं आता रुंदीकरणात गेली आहेत. ती मी भरत नाही आणि तसं त्यांना सांगतो. मग ते झाडाऐवजी दुसरी खूण शोधतात, विहीर, देवळाचा कळस, शाळेची भिंत. सुट्टीच्या दिवशी मी जाऊन त्या खुणा जागेवर आहेत का पाहून येतो.

सध्या कोलाडपर्यंत आलो आहोत. गणपतीच्या आधी माणगाव गाठायचं आहे, कारण गाडीची तिकिटं न मिळालेली कितीतरी पोरं तेव्हा दुचाकीवरून गावी निघतात, मुंबई-ठाण्याहून रात्री सुटतात आणि पहाटे आमच्या फाट्यावर चहाला थांबतात. या सगळ्या ठिपक्यांची एक फाइल होते, ती फोनवरही उघडते. फाट्यावरच्या चहावाल्याने ती आपल्या मोबाइलवर ठेवायचं कबूल केलं आहे. जो मागेल त्याला तो पाठवील.